एका मिनिटात किती जनावरं?

मोबाईलवर साठ सेकंदांचा टायमर लावा आणि आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं भराभर सांगा. शहरात वाढलेलं पोर वाघ, सिंह, हत्ती, जिराफ अशी प्राणिसंग्रहालयाची सहल काढतं. आमच्या मंठाळकडची आजी मात्र म्हैस, रेडा, वगार, गाय, बैल, गोऱ्हा, कालवड, शेळी, बोकड, करडू इथपर्यंत गोठ्याच्या बाहेर पाऊलच टाकत नाही. आता म्हैस आणि वगार ही दोन जनावरं धरायची की एक, हा वाद आहेच. तो आधी मिटवून मगच टायमर लावावा.

हा खेळ नाही. इटलीतल्या पादोवा इथल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये हीच कृती लिव्हर सिरोसिसच्या रुग्णांसाठी चाचणी म्हणून मांडली. पंधराच्या वर नावं आली तर बहुधा ठीक, दहाच्या खाली आली तर काळजीचं, आणि मधे असेल तर पुढे तपासायचं. फार वयस्कर किंवा कमी शिकलेल्या माणसाच्या गुणांत थोडी भर घालतात. ना सुई, ना मशीन, ना बिल.

पण लिव्हरच्या रुग्णाला जनावरं कशाला विचारायची?

आतड्यात अन्नातल्या प्रथिनांपासून अमोनिया तयार होतो. धडधाकट लिव्हर त्याचं युरियात रूपांतर करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. सिरोसिसमध्ये लिव्हर कडक आणि गाठीगाठीचं होतं. काही रक्त त्याला वळसा घालून थेट पुढे जातं, आणि अमोनियासारखे पदार्थ मेंदूपर्यंत पोचतात. हे फार वाढलं की माणूस बरळतो, हात पसरले की पंजे फडफडतात, शेवटी शुद्ध हरपते. ते कुणालाही दिसतं आणि त्या वेळी थेट दवाखाना गाठायचा असतो. त्याच्या कितीतरी आधीची एक पायरी मात्र कुणालाच दिसत नाही. डॉक्टर तिला ‘मिनिमल हिपॅटिक एन्सेफलोपॅथी’ म्हणतात. सिरोसिसच्या रुग्णांपैकी २० ते ८० टक्के लोकांत ती सापडते असं मार्गदर्शक पुस्तिका सांगतात. आकड्यात एवढी तफावत आहे, कारण रुग्ण किती आजारी आणि चाचणी कोणती, यावर उत्तर बदलतं.

या पायरीवर बोलणं शाबूत असतं, माणसं ओळखू येतात, जुन्या गोष्टी आठवतात. कमी होतो तो वेग, लक्ष, आणि डोळा-हाताचा मेळ. माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर सर्व्हर चालू असतो, साध्या विनंतीला उत्तरही देतो, फक्त एकदम चार कामं आली की अडखळतो. ‘चालू आहे का?’ एवढंच विचाराल तर दरवेळी ‘हो’ असंच उत्तर येईल.

माझ्या मामांचं असंच झालं. मामांनी दारूला आयुष्यात हात लावलेला नाही. मधुमेह आणि फॅटी लिव्हर यांतून त्यांना सिरोसिस झाला. (गावात कुणाला हे पटत नाही. लिव्हर म्हटलं की लोक हसून विषय बदलतात. मग घरचेही आजार लपवतात आणि नेमकं जे सांगायला हवं तेच राहून जातं.) मामांचं किराणा दुकान. मामी फोनवर म्हणाली, “रात्रभर टक्क जागे असतात अन् दिवसा गल्ल्यावर पेंगतात. परवा शंभराच्या नोटेला पाचशेचे सुट्टे देऊ लागले. काही बोललं की अंगावर येतात.” मामांना विचारलं तर म्हणाले, “मला काय धाड भरलीय? तुझी मामी उगी काहीतरी सांगते.” थोरल्या मामांचा निकाल तयारच होता, “वय झालंय, दुसरं काय.”

मामा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच काही जाणवत नव्हतं, आणि या दुखण्याची खोच इथेच आहे. अमेरिकेत मिलवॉकी इथे डॉ. जसमोहन बजाज यांनी अशा रुग्णांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवलं. रस्ता शोधण्यात त्यांच्या चुका जास्त झाल्या, पण आपली गाडी चालवणी कशी आहे असं विचारल्यावर ‘उत्तम’ म्हणणारे पुष्कळ निघाले. मामांची मोटरसायकल तेव्हा रोज मंठाळ ते बसवकल्याण धावत होती.

मग रक्तातला अमोनियाच का मोजू नये? मलाही आधी तेच सोपं वाटलं होतं. पण नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचवावा लागतो, नाहीतर आकडा उगाच वाढतो. शिवाय वाढलेला आकडा एकट्याने काही सिद्ध करत नाही. आकडा साधारण आला तर मात्र डॉक्टर दुसरं कारण शोधू लागतात, तेवढा उपयोग आहे.

म्हणून जगभर कागद-पेन्सिलच्या चाचण्या वापरतात. जर्मनीत तयार झालेल्या संचात पाच प्रकार आहेत. १ ते २५ आकडे विखुरलेले असतात, ते क्रमाने जोडायचे. आकडे आणि अक्षरं आळीपाळीने जोडायची. आकड्यांखाली ठरलेल्या खुणा काढायच्या. गोलांत टिंबं द्यायची. दोन रेघांमधून न शिवता रेघ ओढायची. हे सगळं घड्याळ लावून. मग तुमची वेळ तुमच्याच वयाच्या आणि तुमच्याइतक्याच शिकलेल्या निरोगी माणसांशी ताडून पाहतात. सरासरीपासून जितकं मागे तितके उणे गुण, आणि बेरीज उणे चारच्याही खाली गेली की दोष आहे असं धरतात.

‘तुमच्याइतक्याच शिकलेल्या’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण आमच्या सीमाभागात इथेच गाडी अडते. मंठाळच्या एका गल्लीत मराठी शाळेत गेलेला, कन्नड शाळेत गेलेला, उर्दू वाचणारा आणि अंगठा उठवणारा अशी चार माणसं शेजारी शेजारी राहतात. त्यांच्यापुढे ‘१-A-२-B’ असा कागद ठेवला तर काय मोजणार? लिव्हर की शाळा? ए-बी-सी-डी मधे अडखळलेल्याला आजारी ठरवलं तर ती औषधाची फुकट बाटली. त्याहून वाईट म्हणजे ‘अडाणी आहे, जमणारच नाही’ असं म्हणून चाचणीच न करणं, कारण मग खरा आजारी सुटून जातो.

याचं उत्तर आपल्याच देशात निघालं. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत डॉ. आर. के. धीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांच्या जागी चित्रं घातली आणि १९९५ मध्ये ही चित्र-जोडणी चाचणी प्रसिद्ध केली. चित्र ओळखायला शाळा लागत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या वैद्यकातली ही एक मोठी, पण न गाजलेली युक्ती आहे. मामा मराठी चौथी शिकलेले. आकडे त्यांना येतात, इंग्रजी अक्षरं नाहीत. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना आकड्यांचा कागद दिला आणि अक्षरांच्या जागी चित्रांचा. चाळीस वर्षं बेरजा केलेला माणूस सतरावर आला आणि अठरा शोधत बसला. अठरा पेन्सिलीच्या टोकाजवळच होता. मामी काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत राहिली.

मोबाईलवरही चाचणी आहे. बजाज यांच्या गटाने ‘एन्सेफलॅप’ नावाचं अ‍ॅप केलं. त्यात आधी नुसत्या रंगीत खुणा येतात आणि तुम्ही रंगाचं बटण दाबता. मग ‘लाल’ हा शब्द हिरव्या रंगात येतो आणि तुम्हाला शब्द सोडून रंग सांगायचा असतो. वाचता येणाऱ्याचा मेंदू आपोआप शब्द वाचतो, तो आवरायला वेळ लागतो, आणि तोच वेळ अ‍ॅप मोजतं. गंमत अशी की निरक्षर माणसाला हा सापळा लागूच पडत नाही, म्हणून त्याच्यासाठी हे अ‍ॅप कामाचं नाही. रंगांधळ्यालाही नाही. अक्षराची गरज नसलेला आणखी एक मार्ग म्हणजे लुकलुकणारा दिवा. सेकंदाला साठ वेळा लुकलुकणारा प्रकाश आपल्याला अखंड दिसतो. वेग कमी करत गेलं की तो थरथरू लागतो. ती थरथर ३९ हर्ट्झच्याही खाली आल्यावर दिसली तर संशय घेतात. पण ते यंत्र मोजक्या ठिकाणीच असतं.

हे वाचून तरुण मंडळी आजोबांना रोज अ‍ॅपवर बसवतील, म्हणून सांगतो, तसं करू नका. सरावाने वेग वाढतो आणि मग डॉक्टरांकडची वेळ फसवी येते. आकड्यांच्या कागदाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या काढल्या आहेत त्या यासाठीच. निदानही एका कागदावर होत नाही. झोप, नैराश्य, चष्मा, साखर, थायरॉइड हे सगळं डॉक्टर बघतात.

घरच्यांनी करायचं काम वेगळं आहे. रात्रीची झोप दिवसा सरकली का, अक्षर बिघडलं का, हिशेब चुकतो का, पडणं वाढलं का, चिडचिड नवी आहे का, हे तारखेसह लिहून ठेवायचं. एक गोष्ट तर मुळीच करायची नाही. रात्री झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी आणायची नाही. सिरोसिसमध्ये ती गोळी माणसाला थेट बेशुद्धीकडे नेऊ शकते. आमच्याकडे ती आणायला एकजण निघालाच होता. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पोटात रक्तस्राव, जुलाबाने किंवा लघवीच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी कमी होणं, यांनीही दुखणं एकदम उसळतं.

उपचार आहे, म्हणून तर शोधायचं. लॅक्ट्युलोज हे गोडसर पातळ औषध या दुखण्यासाठी १९६६ पासून वापरात आहे. चंडीगढच्या पीजीआयमध्ये धीमन यांच्याच गटाने २००७ मध्ये दाखवलं की या न दिसणाऱ्या पायरीवर तीन महिने लॅक्ट्युलोज दिलं तर चाचण्यांतली कामगिरीही सुधारते आणि रोजचं जगणंही. औषधाचं माप असं की दिवसाला दोन-तीन वेळा पातळसर शौच व्हावी. इथेच लोक औषध सोडतात. लग्नाला जायचंय, बसमध्ये चार तास बसायचंय, मग आज नको, उद्याही नको. मामांनी श्रावणात असंच केलं आणि आठ दिवसांत पुन्हा गल्ल्यावर पेंगू लागले. आता मामी बाटलीवर पेनाने रेघ मारते.

दुसरा घोळ जेवणाचा. ‘लिव्हर खराब, डाळ बंद’ असं सांगणारे शेजारी प्रत्येक गावात असतात. हा जुना समज आहे. सिरोसिसच्या बहुतेक रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. वरण, दही, दूध हे मांसापेक्षा सोसतं. रात्री झोपण्याआधी थोडं खाणंही सांगतात. मीठ मात्र बेताचंच.

तीन महिन्यांनी मामांनी तोच चाचणीचा प्रकार दुसऱ्या कागदावर केला आणि पंचवीसपर्यंत न थांबता पोचले. दुकानात ते पुन्हा पूर्ण वेळ बसतात. मोटरसायकलचा निर्णय डॉक्टरांनी पुढच्या तपासणीवर ठेवला आहे. तोवर बसवकल्याणहून माल आणायचं काम त्यांच्या धाकट्या मुलाकडे आहे, आणि तो साखर महाग आणतो अशी मामांची रोजची तक्रार आहे.