सराव परीक्षेतले गुण आणि सीईटीचा निकाल

रत्नागिरीत पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं एमबीए सीईटीचे सराव पेपर सोडवतात आणि विचारतात, ‘मला 120 पडतात, खऱ्या परीक्षेत किती पडतील?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर नाही, कारण निकालात महत्त्व पर्सेंटाइलला, म्हणजे किती टक्के उमेदवार तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत याला असतं. पेपर 200 प्रश्नांचा, वेळ 150 मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि तुमची तुलना फक्त तुमच्याच सत्रातल्या उमेदवारांशी होते. पेपर अवघड निघाला तर 110 गुणांनाही वरचं स्थान मिळतं. सोपा निघाला तर 120 सुद्धा मागे पडतात.

क्लासच्या सराव परीक्षेचं पर्सेंटाइल नुसत्या गुणांहूनही फसवं. तिथे बसतात ती बहुतेक तयारी करणारीच मुलं. सीईटीला मात्र ‘बसून तर बघू’ म्हणणारेही येतात. त्यामुळे खरं पर्सेंटाइल वाढूही शकतं. घरी मध्येच चहाला उठून सोडवलेल्या पेपराचे गुण मात्र (स्पष्टच सांगायचं तर) धरूच नयेत. एकाच बैठकीत, पूर्ण 150 मिनिटांत, न पाहिलेला पेपर सोडवावा. शेवटच्या चार-पाच पेपरांची सरासरी काढावी, सर्वाधिक गुण नव्हे. आणि एकही प्रश्न कोरा सोडू नये.