शेराकडून किलोकडे
देशाने दशमान पद्धत घ्यावी का? भारताने १९५६च्या वजनमाप कायद्याने ‘हो’ म्हटलं, आणि ते योग्यच होतं. त्याआधी १६ छटाकांचा शेर, ४० शेरांचा मण. त्यातही शेर मुलखागणिक वेगळा. फटका बसे शेतकऱ्याला. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम, किलोच्या जवळ, म्हणून गिऱ्हाइकाला किलो परका वाटला नाही. आधी १९५७मध्ये नाणी दशमान झाली, मग १९५८पासून टप्प्याटप्प्याने वजनं. हा क्रम मोलाचा, कारण दर आणि माप एकाच हिशेबात आले.

जमीन मात्र अजून अडलेलीच. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात गुंठे. गुंठा १०८९ चौरस फूट, आर सुमारे १०७६. चाळीस गुंठ्यांच्या एकरात गुंठा आणि आर एकच धरले, तर पाचशेवर चौरस फुटांची तफावत पडते. खरेदीखतापूर्वी दोन्ही आकडे मांडून पाहावेत.