धूर पाहा, मगच इंजिन खोला

सोलापूरच्या चादरी घेऊन आमचे टेम्पो लोणी काळभोरवरून पुण्यात येतात. धूर दिसताच मिस्त्री इंजिन खोलायला सांगतो आणि महिन्याची कमाई त्यात जाते. म्हणून आपण व्यापारी बांधवांनी धुराचा रंग ओळखावा.

काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर पाहावा. निळा म्हणजे ऑईल जळते. पण ऑईल जादा भरले तरी तो येतो. शर्यतीच्या मोटारीतही जोरदार वळणावर ऑईल ब्रीदरमधून इंजिनात शिरते. तेव्हा प्रथम डिपस्टिक तपासावी. पातळी बरोबर असून चढावर निळा धूर येतच राहिला, तर रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. पांढरा धूर थांबेना आणि रेडिएटरचे पाणी घटले, तर हेड गॅस्केट गेलेले असू शकते. गाडी तिथेच उभी करावी.