वाळूतली तांब्याची मोड

2002 साली दुबईचे शेख मोहम्मद बिन राशिद अल मक्तूम हेलिकॉप्टरमधून वाळवंटावरून जात होते. वाळूच्या टेकड्यांमध्ये त्यांना काळे डाग दिसले. तो निघाला तांब्याच्या भट्टीतला धातुमळ, तोही टनावारी! दुबईतल्या जबल अलीपासून चाळीसेक किलोमीटर आत, रब अल खाली या वाळवंटाच्या काठावरचं हे ठिकाण म्हणजे सरूक अल हदीद. इथल्या वस्तूंचा मोठा साठा इ.स.पू. 1000 ते 800 या काळातला आहे.

गंमत अशी, की इथे खनिजच नाही. तांबं पूर्वेच्या हजर डोंगरातलं आणि कांस्याला लागणारं कथील तर अरबस्तानाच्या या कोपऱ्यात मिळतच नाही. जबल अलीकरांना याचं नवल वाटू नये. 1979 मध्ये तिथे सुरू झालेला अॅल्युमिनियमचा कारखानाही जहाजानं आलेल्या कच्च्या मालावरच चालला.

सरूकला सोनंही सापडलं. त्यातल्या एका अंगठीवरून ‘एक्स्पो 2020’चं बोधचिन्ह बेतलं गेलं, त्यामुळे ती गाजली. पण त्या काळाचा संसार कळतो तो बाणांच्या टोकांवरून, कुऱ्हाडींवरून, बांगड्यांवरून. आणि त्याहून जास्त त्यांच्याजवळच्या भंगारावरून. ओतताना सांडलेले थेंब, कापून उरलेले तुकडे, मोडकी पाती. आपल्याकडे जुनी भांडी मोडीत घालतात, तसंच इथलं तांबं पुन्हा भट्टीत जात असणार.

लोखंडाची गोष्ट निराळी. शारजातल्या मुवैला या तटबंदीच्या वस्तीला इ.स.पू. 800च्या आसपास आग लागली आणि वस्तू जागच्या जागी राहिल्या. कांस्याचं काम तिथे गावातच चाले, लोखंड मात्र बाहेरून येई. विदर्भात नेमकं उलटं: नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टीच सापडली, इ.स.पू. 700च्या सुमाराची. तिकडच्या शिळावर्तुळांतल्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खिळे सगळं लोखंडी.

सरूकलाही लोखंड सापडलं. मग बाहेरून आणलेलं हे महागडं लोखंड तिथल्या वाळूत कसं राहिलं? तिथे तांब्याचे वळणदार सापही बरेच मिळाले आहेत. दुबईतल्याच अल कुसैसलाही तसे निघाले होते. त्यावरून सर्पपूजेचा तर्क केला जातो, आणि तो पटण्यासारखा आहे. देवाला वाहिलेली वस्तू कोण पुन्हा मुशीत घालणार?