पडलेलें घर कसें बांधावें?

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या वार्षिक प्रदर्शनांत हस्तकलेच्या वर्गानें दुसऱ्या महायुद्धांतील एक लघुदेखावा मांडिला होता. एक रणगाडा, पांच-सहा सैनिक, वांकलेला विजेचा खांब आणि मध्यभागीं बाँबनें कोसळलेलें घर, असा तो देखावा होता. रणगाड्याची जुळणी मुलांनीं फार काळजीनें केली होती व पाहणारेहि त्याची वाखाणणी करून पुढें जात होते. इतक्यांत एका विद्यार्थ्याच्या मातोश्री तेथें आल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि शेवटीं म्हणाल्या, "सर, हें घर पडलेलें नाहीं. येथें कोणीं तरी दगड आणून ओतले आहेत."

आम्हांस प्रथम थोडें वाईट वाटलें. परंतु विचारपूस केली तेव्हां कळलें कीं, ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे लातूर व धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) ह्या जिल्ह्यांत जो भूकंप झाला, त्यांत ह्या बाईंचें राहतें घर पडलें होतें. त्या वेळीं त्या नऊ वर्षांच्या होत्या. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व वर मातीचें जड माळवद, अशा घरांखालीं त्या पहाटे हजारों माणसें दडपलीं गेलीं. "घर पडलें तरी तें घरच असतें," त्या म्हणाल्या. "चूल कोठें होती, दार कोठें होतें, हें मी आमच्या ढिगाऱ्यावर बोटानें दाखवीत होतें. तुमच्या ढिगाऱ्यांत मला कांहींच सांपडत नाहीं."

बाईंचें म्हणणें अगदीं खरें होतें. आम्हीं एका पडक्या भिंतीपुढें मासे ठेवण्याच्या काचपेटींत घालतात ती गुळगुळीत खडी ओतली होती व तिच्यावर करडा रंग फासला होता. खडी नदीच्या पाण्यानें घासून गोल होते. घर मात्र मोडून पडतें, आणि मोडलेल्या वस्तूस धारा व कोपरे असतात. एवढी साधी गोष्टहि आमच्या ध्यानांत आली नव्हती. त्यानंतर वर्षभर खटपट करून आम्ही जें शिकलों, तें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें क्रमानें सांगतों.

यंदाच्या देखाव्यासाठीं आम्हीं इटलींतील कॅसिनो हें नगर निवडलें. रोम व नेपल्स ह्यांच्या दरम्यान, एका उंच टेकडीच्या पायथ्याशीं तें वसलेलें आहे. टेकडीवर संत बेनेडिक्ट ह्यांनीं सहाव्या शतकांत स्थापिलेला मठ आहे. ता. १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं हा मठ उद्ध्वस्त केला. आंत आश्रयास आलेल्या पुष्कळ नागरिकांचा त्यांत अंत झाला. पुढें ता. १५ मार्च रोजीं खालच्या नगरावर सुमारें एक हजार टन बाँब टाकण्यांत आले. शत्रूचा मोड करून आपल्या सैन्यास वाट मोकळी करून द्यावी, हा त्यांतील हेतु होता. घडलें तें उलटच. तळघरांत वांचलेले जर्मन छत्रीधारी सैनिक बाहेर येऊन त्याच ढिगाऱ्यांच्या आडून लढूं लागले. न्यूझीलंडच्या रणगाड्यांना दगडमातीच्या राशी व बाँबचे खळगे ह्यांतून वाटच सांपडेना. आणि त्याच सायंकाळीं जोराचा पाऊस येऊन खळग्यांचीं तळीं झालीं. ज्यानें वाट व्हावयाची, त्यानेंच वाट अडविली.

ह्या रणभूमीचा आपल्याशींहि संबंध आहे. फेब्रुवारी व मार्च महिन्यांतील लढायांत तेथें चौथा हिंदी विभाग लढत होता. मे महिन्यांत नगराच्या दक्षिणेस गारी नदी ओलांडणाऱ्या आठव्या हिंदी विभागांत मराठा पलटणीचे शिपाई होते. ता. १८ मे १९४४ रोजीं पोलंडच्या सैनिकांनीं मठाचे अवशेष ताब्यांत घेतले. अशा ठिकाणच्या देखाव्यांत ढिगारा हाच मुख्य पात्र असतो, व त्याच्याविषयीं निष्काळजीपणा करणें म्हणजे हकीकतच खोटी सांगणें होय.

पहिला नियम असा कीं, घर पाडावयाचें असेल तर तें आधीं बांधावें. निदान कागदावर तरी संपूर्ण बांधावें. खोल्या किती, दार कोणत्या दिशेस, जिना कोठें, तुळया कोणत्या भिंतींवर टेकल्या आहेत, छप्पर कशाचें, हें सर्व काढून मग बाँब कोठें पडला तें ठरवावें. आम्हीं दगडी भिंतींचें, चुन्याचा गिलावा केलेलें, अर्धगोल कौलांचें दुमजली घर योजिलें. इटलीच्या त्या भागांत अशीं घरें पुष्कळ आढळतात.

दुसरा नियम प्रमाणाचा. आमचा देखावा ३५ स १ ह्या प्रमाणाचा होता. ह्या प्रमाणांत १७५ सेंटीमीटर उंचीचा मनुष्य बरोबर ५ सेंटीमीटरांचा होतो, व अर्धा मीटर जाडीची भिंत सुमारें १४ मिलिमीटर जाड होते. ज्यांस विटांचें घर करावयाचें असेल त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, आपल्याकडील १९ सेंटीमीटर लांबीची वीट येथें साडेपांच मिलिमीटरांहूनहि किंचित् लहान होते. एक मिलिमीटराचा वाळूचा कण म्हणजे साडेतीन सेंटीमीटरांचा दगड! म्हणून धूळ दाखवावयास वाळू चालत नाहीं. त्यासाठीं पिठासारखी बारीक भुकटीच पाहिजे.

तिसरा नियम हिशेबाचा, आणि मुलांस सर्वांत नवल वाटलें तें ह्याचेंच. जेवढी भिंत नाहींशी झाली, तेवढीच खालीं सांपडली पाहिजे. समजा, ६ मीटर लांब, ४ मीटर उंच व अर्धा मीटर जाड अशी भिंत कोसळली. तिचें घनफळ १२ घनमीटर. तुकडे सैल पडल्यामुळें मध्यें पोकळी राहते. म्हणून ढिगाऱ्याचें आकारमान सुमारें दीडपट, म्हणजे १८ घनमीटर धरावें. ३५ चा घन ४२,८७५. त्यानें भागिलें म्हणजे आपल्या देखाव्यांत सुमारें ४२० घनसेंटीमीटर राडारोडा हवा. अर्थात् पाण्याचे दोन पेले भरून! गेल्या वर्षीं आम्हीं जेमतेम मूठभर खडी घातली होती. बाकीची भिंत कोठें गेली, असें कोणीं विचारलें असतें तर आम्हांस उत्तर देतां आलें नसतें. येवढा माल जमविणें जड वाटल्यास ढिगाऱ्याच्या पोटांत थर्मोकोलचा उंचवटा कापून बसवावा व वर राडारोड्याचा जाड थर द्यावा. पण बाहेरील आकारमान हिशेबाप्रमाणेंच असावें.

आतां साहित्याकडे वळूं. दगड व गिलावा ह्यांसाठीं प्लास्टर ऑफ पॅरिस उत्तम. भांड्यांत आधीं पाणी घ्यावें व त्यांत प्लास्टर हळूहळू सोडावें. पाण्याच्या सुमारें दुप्पट माप पुरतें. पाण्यांत अगोदरच थोडा मातकट रंग मिसळावा, म्हणजे तुकडा कोठेंहि मोडला तरी आंतून पांढराशुभ्र दिसत नाहीं. हें मिश्रण प्लास्टिकच्या कागदावर ओतून दोन मिलिमीटर जाडीची वडी गिलाव्यासाठीं व दहा-बारा मिलिमीटर जाडीची दगडांसाठीं करावी. पूर्ण वाळल्यावर ती कापडांत गुंडाळून लहान हातोडीनें फोडावी. सुरीनें कापूं नये. कापलेला तुकडा कापलेलाच दिसतो. प्लास्टर घट्ट होतांना तापतें, म्हणून त्यांत बोटें घालून बसूं नये. उरलेलें मोरींत ओतूं नये, नळी बुजते. आणि फोडतांना व चाळतांना नाकातोंडावर फडकें बांधावें.

फोडलेला माल तीन चाळण्यांतून काढून मोठे तुकडे, खडी, चुरा व भुकटी असे चार भाग वेगळे ठेवावे. कौलांसाठीं जाड कागदाच्या पट्ट्या पातळ गोंदांत भिजवून विणकामाच्या सुईवर अर्धगोल वळवाव्या व वाळल्यावर तुकडे करावे. तुळयांसाठीं जुन्या खोक्यांच्या फळ्यांच्या काड्या घ्याव्या. त्या कापूं नयेत, मोडाव्या. लांकूड मोडतें तेव्हां त्याचे तंतु बाहेर येतात.

चौथा नियम क्रमाचा. आधीं काय पडलें व नंतर काय पडलें, हें ठरविल्यावांचून एकहि तुकडा ठेवूं नये. आमच्या घरांत बाँब छपरांतून आंत शिरला. म्हणून कौलें व वासे आधीं खालीं आले, त्यांच्या भारानें वरच्या मजल्याची जमीन एका बाजूनें तुटून तिरपी लोंबली, आणि शेवटीं भिंत ढांसळून त्या सर्वांवर पडली. ह्याच क्रमानें आम्हीं थर रचले. तुळईचें एक टोंक भिंतींतील आपल्या खोबणींत राहिलें व दुसरें ढिगाऱ्यांत रुतलें. मोठे दगड घरंगळून पायथ्याशीं गेले. बारीक चुरा फटींतून खालीं झिरपला. ढिगाऱ्याचा उतार किती असावा, ह्यासाठीं मुलांनीं फोडलेलें प्लास्टर एका पाटावर उंचावरून ओतलें व कोनमापकानें मोजलें. तो ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान भरला. निसर्ग जो कोन आपण होऊन देतो, त्याहून उभा ढीग डोळ्यांस खोटा वाटतो.

रणगाडा ढिगाऱ्यावर ठेवावयाचा असेल तर त्याचें सुमारें तीस टन वजन विसरूं नये. त्याच्या पट्ट्यांखालील तुकडे चुरडलेले व दबलेले असावे. कागदाच्या होडीप्रमाणें तो ढिगाऱ्यावर तरंगूं लागला कीं सर्व श्रम व्यर्थ.

प्रत्येक थर रचल्यावर त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. पाण्यांत साबणाचे दोन थेंब घालावे, म्हणजे पाणी आंत मुरतें. मग लांकूडकामाचा पांढरा गोंद समभाग पाण्यांत मिसळून औषधाच्या नळीनें थेंबथेंब सोडावा व रात्रभर वाळूं द्यावा. उतावीळ करणाऱ्याचा ढिगारा दुसऱ्या दिवशीं तळहातावर येतो, हा आमचा अनुभव आहे.

रंगकामांत एक गोष्ट मुख्य. दगडाची जी बाजू वर्षानुवर्षें ऊनपावसांत होती ती काळवंडलेली, आणि जी आज मोडली ती फिकी व ताजी असते. सर्व ढिगारा एकाच रंगानें रंगविल्यास हा भेद नाहींसा होतो. अतिशय पातळ काळपट तपकिरी पाणी फटींत सोडावें. वाळल्यावर कुंचला जवळजवळ कोरडा करून फिका रंग केवळ कडांवर ओढावा. शेवटीं प्लास्टरची भुकटी सर्वांवर चाळावी. स्फोटानंतर कांहीं वेळ कौल, लांकूड, दगड हे सर्व एकाच धुळीनें माखलेले असतात. आमचा देखावा पावसानंतरच्या सकाळचा असल्यामुळें आम्हीं वरची धूळ धुऊन खळग्यांत चिखल दाखविला.

आतां शेवटची गोष्ट. ढिगाऱ्यांत घर सांपडलें पाहिजे. ह्यासाठीं वस्तु पुष्कळ लागत नाहींत. आम्हीं तीनच ठेवल्या: भिंतींत उभें राहिलेलें चुलीचें धुराडें, वांकलेल्या लोखंडी खाटेची एक कड, आणि बिजागरीवर लोंबणारें अर्धें दार. एका मुलानें प्रेतें दाखवावीं असें सुचविलें. आम्हीं त्यास नकार दिला. तीं तेथें होतीं हें खरें. परंतु दुसऱ्याचें मरण शोभेसाठीं मांडावें असें आम्हांस वाटेना. दार आणि खाट पाहून ज्याला तें कळावयाचें त्याला कळतें.

युद्धानंतर कॅसिनो नगर पुन्हां बांधलें गेलें. मठहि पूर्वीच्याच आकारांत उभा राहिला व १९६४ सालीं पोप सहावे पॉल ह्यांच्या हस्तें त्याचें पुन्हां समर्पण झालें. परंतु आमच्या मेजावर तें नगर अद्याप ता. १६ मार्च १९४४ च्या सकाळींच आहे.

यंदाच्या प्रदर्शनास त्या बाई पुन्हां आल्या. त्यांच्या चिरंजीवानें त्यांस हात धरून देखाव्यापुढें आणिलें. त्यांनीं रणगाड्याकडे पाहिलेंच नाहीं. थोड्या वेळानें त्यांनीं एक बोट पुढें करून, स्पर्श न करितां, ढिगाऱ्याच्या एका कडेवर धरलें व म्हणाल्या, "म्हणजे, आंत जायचें तें इकडून." मग धुराड्याकडे बोट नेऊन म्हणाल्या, "आणि स्वयंपाक इथें."

मुलें गप्प उभीं होतीं. एकानें हळूच विचारलें, "बाई, ह्या घरांत कोण राहत असेल?" त्याचें उत्तर आमच्यापैकीं कोणालाच देतां आलें नाहीं, परंतु गेल्या वर्षीं हा प्रश्न कोणाच्या मनांतहि आला नव्हता.