हिरवे गवत, खचते काठ

खाजणातले गवत उंच आणि गर्द झाले की जमीन सुदृढ आहे असे कोणालाही वाटेल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, प्लम आयलंडच्या खाडीत झालेल्या प्रयोगाने मात्र याच्या नेमके उलट दाखवले.

तिथे दिवसातून दोनदा भरतीचे पाणी ओहळांतून वर चढते. स्पार्टिना गवताच्या दाट काड्यांत त्याचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. प्राणवायू नसलेल्या चिखलात मेलेली मुळे सावकाश कुजतात, थरावर थर चढतो. समुद्राची पातळी वाढली तरी खाजण बुडत नाही, ते या भरीमुळे. भर किती पडली हेही मोजता येते. अणुचाचण्यांतून पसरलेले सीझियम-१३७ हे किरणोत्सारी समस्थानिक १९६३ च्या सुमाराच्या थरात सर्वाधिक सापडते. त्याच्या वर साचलेला गाळ त्यानंतरचा.

शेतांतून आणि सांडपाण्यातून येणारा नायट्रोजन खाजण मुकाट्याने शोषून घेते, असा भरवसा होता. संशोधक लिंडा डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासायचे ठरवले. चार हातांच्या वाफ्यात खत टाकून ते भागणारे नव्हते. म्हणून २००४ पासून त्यांनी अख्ख्या ओहळांत, गवत वाढण्याच्या हंगामात, चढत्या भरतीबरोबर नायट्रेट सोडले. शेजारचे ओहळ तुलनेसाठी तसेच ठेवले.

गवत फोफावले. पण अन्न आयते मिळू लागल्यावर ओहळाकाठच्या गवताने मुळे कमी धरली. चिखलातल्या जिवाणूंना प्राणवायूऐवजी वापरायला नायट्रेट मिळाले, त्यामुळे कुजणे वेगाने होऊ लागले. चिखल पाणथळ आणि मऊ झाला. ओहोटीला पाण्याचा आधार सुटला की काठांना भेगा पडत आणि गवतासकट मोठाली ढेकळे ओहळात घसरत. नऊ वर्षांचे हे निष्कर्ष २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती या संशोधकांची चिकाटी. ममिचॉग नावाचे छोटे मासे भरतीला काठावरून गवतात शिरून चरतात. सुरुवातीच्या वर्षांत खतामुळे त्यांचे खाद्य वाढले, मासेही वाढले. प्रयोग तेव्हाच आटोपला असता, तर नायट्रोजन माशांना लाभतो अशी नोंद राहिली असती. पुढे काठ खचले, गवतात शिरायची वाट तुटली आणि मासे घटले.