जुनी जर्मन कूपे : शौक करा, पण दुकानाच्या गल्ल्यातून नको

जर्मन गाडीचा शौक आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज एकदम घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला. त्या पिढीच्या गाड्यांना २०२५ मध्ये १५ वर्षे पूर्ण झाली. अशा जुन्या गाड्या आता मराठवाड्यातल्या बाजारात उतरत आहेत. आमच्या नरसी नामदेवसारख्या गावातही, मोबाईलवर फोटो पाहून, "एवढ्या पैशात तर नवी छोटी गाडी येते, मग मर्सिडीज का नको?" असे विचारणारे तरुण दुकानदार भेटतात.

त्यातही ओढा असतो कूपेकडे. कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत्या छताची गाडी. रोज माल आणायला ती कामाची नाही. बाजाराचा दिवस सोडून, सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन हिंगोली-नांदेडला जाण्यापुरती ती ठीक. शौक वाईट नाही. पण व्यापाऱ्याने शौकाचाही हिशेब आधी मांडावा.

किंमत उतरते, खर्च उतरत नाही

कापडाच्या धंद्यात जुना माल निम्म्या भावात घेतला तर त्यावर पुढे खर्च नसतो. गाडीचे तसे नाही. पन्नास लाखांची गाडी पंधरा वर्षांनी आठ लाखांत मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि दिवे पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. त्यांचे भाव त्याच दर्जाचे असतात. गाडी स्वस्त होते, तिचे सुटे भाग होत नाहीत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर निम्मे नुकसान टळते.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. समजा जवळ आठ लाख मोकळे आहेत, तर गाडी पाच लाखांची पाहावी आणि तीन लाख बाजूला ठेवावेत. हे पैसे घरातल्या बचतीचे असावेत. व्याज नको म्हणून रोखीने गाडी घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत, ते चांगलेच. पण पुढे दुरुस्तीचे बिल आले की तेच लोक गल्ल्यातून पैसे काढतात. मग ईदच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर माल भरायला भांडवल कमी पडते आणि घाऊक व्यापाऱ्याकडे उधारी वाढते. गाडी दारात उभी आणि दुकानाचे फळे रिकामे, अशी पाळी येऊ देऊ नये.

कोणती घ्यावी

कूपे आपल्या देशात बहुतेक करून परदेशातून तयार आल्या. म्हणून जिची चार दारांची बहीण इथे जुळवली गेली, तीच निवडावी. मर्सिडीज सीएलके आणि २००९ नंतरची ई-क्लास कूपे यांचा सांगाडा सी-क्लासचा आहे. बीएमडब्ल्यूची ३ सिरीज २००७ पासून चेन्नईत जुळवली जाऊ लागली. २००६ ची ऑडी टीटी आणि शेंद्र्याच्या कारखान्यातली स्कोडा लॉरा एकाच घराण्यातल्या. अशा गाडीचे बुश, ब्रेक, फिल्टर मिळणे सोपे जाते. दारे, काचा आणि दारांचे रबर मात्र कूपेचे वेगळेच असतात. ते फुटके-तुटके असेल तर सौदा सोडावा.

पाहताना काय पाहावे

मीटरवर विश्वास ठेवू नये. पेडलचे रबर, स्टिअरिंगचे चामडे आणि चालकाच्या सीटची शिवण पाहावी. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची शिवण उसवत नाही. छताचे कापड लोंबत असेल तर आतला फोम उन्हाने कुजला असे समजावे. हे काम आपला कुशन कारागीर करू शकतो, त्यासाठी सौदा मोडू नये, भाव कमी करून घ्यावा.

कूपेचे दार लांब आणि जड असते, त्यामुळे बिजागऱ्या खाली बसतात. दाराला वर चौकट नसते. दार उघडताना काच किंचित खाली उतरली पाहिजे. ती उतरत नसेल तर बॅटरी किंवा काचेची मोटर पाहावी. मर्सिडीजमध्ये १९९२ ते १९९६ च्या गाड्यांच्या वायरिंगचे आवरण ठिसूळ होऊन गळते, ते बदलले आहे का ते विचारावे. बीएमडब्ल्यूत कूलंटच्या टाकीचे प्लास्टिक तडकते. इंजिन थंड असताना सुरू करून घ्यावे. साखळीचा खडखडाट ऐकू आला तर पुढे जाऊ नये. कोणतीही गाडी स्कॅनर लावल्याशिवाय घेऊ नये.

कागदपत्रे

दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१४-१५ मध्ये निर्बंध आणले. तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. पण तिकडची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. इथे एमएच-३८ चा नंबर घेताना कर वेगळा भरावा लागतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ मागावा.

१ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, परदेशातून आलेल्या मोटारीला ४०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी हेच आकडे १०,००० आणि ८०,००० झाले. कूपे बहुधा दुसऱ्या गटात येते. म्हणून चौदा वर्षांची गाडी "स्वस्त" वाटली तर हा खर्च आधी मिळवून पाहावा.

उभ्या गाडीची निगा

आठवड्यातून एकदा चालणारी गाडी झिजण्यापेक्षा उभी राहून जास्त बिघडते. नुसते इंजिन सुरू करून बंद करू नये. अर्धा तास तरी रस्त्यावर चालवावी. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते, ते दोन वर्षांनी बदलावे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. सहा वर्षांवरचा टायर दिसायला नवा असला तरी बदलावा. जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गावर जाणाऱ्याने तर नक्कीच. पुष्कळ बीएमडब्ल्यूंना स्टेपनी नसते, हेही घेण्याआधी पाहावे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते, म्हणून ते दरवर्षी तपासून घ्यावेत. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री टाकू नये, आत घाम धरतो. सुती अस्तराचे कव्हर शिवून घ्यावे. गोदामात धान्य किंवा सोयाबीन असेल तर तिथे गाडी लावू नये, उंदीर वायरी कुरतडतात.

अधिकृत कार्यशाळा नरसीपासून दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणून गाडीआधी मिस्त्री शोधावा. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत कश्मिरी गेट आणि मायापुरीत मिळतात, पण जुना भाग घेताना नंबर जुळवूनच घ्यावा. आपल्या हुशार मुलांनी स्कॅनरचे काम शिकून घेतले तर मराठवाड्यात त्यांना काम कमी पडणार नाही. जुनी जर्मन गाडी घेणाऱ्यापेक्षा ती दुरुस्त करणाऱ्याला जास्त फायदा आहे, हे व्यापाऱ्याने विसरू नये.